पाठीवरचं बिऱ्हाड: सॅकविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा ओसरला की नाशिककरांच्या सॅका माळ्यावरून खाली येतात आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. या वेळी बहुतेकांची तक्रार एकच आहे: सॅक चांगली घेतली, पण अंगावर बसत नाही. बहुतेक वेळा ती बसवलेलीच नसते. ‘कोणत्या कंपनीची घेऊ?’ एवढंच विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. हातातली सॅक लावता आली नाही, तर तिच्या दुप्पट किमतीचीही लावता येणार नाही.

नवी ५० लिटरची क्लाइंबिंग सॅक घेतली. उंची ५ फूट ९ इंच, म्हणून दुकानदाराने लार्ज दिली. अकराएक किलो वजन घेऊन पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाईला निघालो, तर पहिली शिडी यायच्या आत खांदे भरून आले. पट्टे आवळले की खांदे दुखतात, सैल सोडले की सॅक मागे ओढते. काय करावं? (सिडको)

दुकानदाराने तुमची उंची पाहिली, पाठ पाहिली नाही. सॅकचं माप पाठीच्या लांबीवर ठरतं. पाच-नऊ उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात, तर दुसऱ्याची पाठ.

माप असं घ्या. मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी मणक्याचं सगळ्यात वर आलेलं टेंगूळ बोटाला लागेल. हा मानेचा सातवा मणका, ही वरची खूण. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे आणि बोटं पुढे. हाताखाली कमरेच्या हाडाची वरची कड लागली पाहिजे. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ पाठीच्या कण्यावर जिथे येते, ती खालची खूण. या दोन खुणांमधलं अंतर घरातल्या कुणाला तरी शिंप्याच्या टेपने, पाठीच्या बाकाला टेप चिकटवून, मोजायला सांगा. ताठ पट्टी वापरली तर माप कमी येतं. आकडा समजा ४६ सेंटिमीटर आला, तर लेबलवर ज्या सॅकच्या पल्ल्यात ४६ बसतो ती तुमची. एस, एम, एल ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात, त्यांच्यावर जाऊ नका.

तुमच्या सॅकची पाठ सरकवता येणारी असेल तर प्रश्न घरीच सुटेल. खांद्याच्या पट्ट्यांचा जोड बहुधा वेल्क्रोने धरलेला असतो आणि तो नुसता ओढून निघत नाही. स्टीलची फुटपट्टी किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा वेल्क्रोच्या दोन थरांमध्ये सारा, जोड हवा तिथे आणा, मग पट्टी काढून जोड दाबून बसवा. पाठ पक्की शिवलेली असेल, आणि वजन वाचवायला बऱ्याच क्लाइंबिंग सॅकची ती तशी असते, तर सॅक बदलून घ्या. शिवणकाम करून लार्जची मीडियम होत नाही.

आता लावण्याचा क्रम. रिकामी सॅक लावून पाहण्यात अर्थ नाही. तांदळाची पाच किलोची पिशवी आणि पाण्याच्या तीन-चार भरलेल्या बाटल्या कपड्यांत गुंडाळून भरा. सगळे पट्टे पूर्ण सैल करा आणि सॅक पाठीवर घ्या.

पहिला कंबरपट्टा. त्याच्या गादीचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर यायला हवा, म्हणजे गादी थोडी हाडाच्या वर आणि थोडी खाली राहते. पोटावर नको, नितंबावरही नको. इथेच बहुतेकांचं चुकतं: खांद्याचे पट्टे आधी आवळले जातात, सॅक वर ओढली जाते आणि कंबरपट्टा पोटावर येतो. मग सगळं ओझं खांद्यांवर. बकल लावल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्या पुढे एकमेकींना टेकत असतील तर पट्टा तुम्हाला मोठा आहे, तो कितीही ओढला तरी धरणार नाही.

मग खांद्याचे पट्टे खाली आणि मागे ओढा. पट्टा खांद्यावरून मागपर्यंत टेकलेला हवा, मधे पोकळी नको. दोन्ही पट्टे मागे जिथे एकत्र येतात ती जागा मानेच्या टेंगळापासून साधारण पाच सेंटिमीटर खाली, खांद्याच्या दोन पात्यांच्या मधे असते. खांद्यामागे पोकळी राहत असेल तर पाठ लांब पडते आहे. पट्टे खांद्याला सरळ खाली दाबत असतील आणि कंबरपट्टा वर चढत असेल तर पाठ आखूड आहे. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे पहिला प्रकार दिसतो.

तिसरे लोड लिफ्टर, म्हणजे खांद्याच्या पट्ट्याच्या वरच्या भागातून सॅकच्या माथ्याकडे तिरप्या जाणाऱ्या बारीक पट्ट्या. त्या आडव्या रेषेशी ३० ते ४५ अंशांचा कोन करतील इतक्याच ओढा. त्यांचं काम सॅकचा माथा पाठीजवळ आणणं एवढंच. जोर लावून ओढल्या तर खांद्याचा पट्टा मागून उचलला जातो आणि पुढे काखेपाशी काचतो. चौथा छातीचा पट्टा, गळ्याखालच्या आडव्या हाडापासून तीन-चार बोटं खाली. खोल श्वास घेतला की तो टोचता कामा नये. शेवटी कंबरपट्ट्याच्या बगलेतल्या दोन आखूड पट्ट्या, ज्या सॅकचा तळ कमरेकडे खेचतात.

तपासणी सोपी आहे. उभं राहून खांद्याचे पट्टे दोन बोटं सैल सोडा. सॅक कमरेवर तोलून राहिली आणि खाली घसरली नाही, तर जमलं. ओझ्याचा तीन-चतुर्थांश भाग कमरेवर आणि उरलेला खांद्यांवर, असा अंदाज धरा.

वाटेला लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी कंबरपट्टा पुन्हा ओढा, कारण तोवर सामान बसतं, फोम दबतो आणि शर्टाच्या घड्या सरकतात. उतरताना खांद्याचे पट्टे आणि बगलेतल्या पट्ट्या किंचित घट्ट करा, नाहीतर प्रत्येक पायरीला सॅक ढकलते. हाताला मुंग्या आल्या तर तसंच चालू नका. काखेजवळ पट्टा शीर दाबतो आहे, थांबून सैल करा. मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिर वाटत असेल तर कंबरपट्टा खाली उतरला आहे आणि कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी दाबतो आहे. तो वर घ्या.

अलंग-मदन किल्ल्यांवर हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा सुरक्षेचा पट्टा) घातल्यावर सॅकचा कंबरपट्टा आणि हार्नेस एकमेकांत अडकतात. शिवाय वर बघताना हेल्मेट सॅकच्या झाकणाला आपटतं आणि पुढचा होल्ड, म्हणजे धरायची जागा, दिसतच नाही. (गंगापूर रोड)

सॅकच्या दोन मांडण्या लक्षात ठेवा, एक वाटेवरची आणि एक कातळावरची. पायथ्याच्या आंबेवाडीपासून रॉक पॅचच्या, म्हणजे दोर लावून चढायच्या कातळाच्या, पायथ्यापर्यंत पहिली, तिथून पुढे दुसरी. मधे दहा मिनिटं थांबून मांडणी बदलायचा कंटाळा केला की हेच होतं.

वाटेवर ओझं कमरेवर हवं. कातळावर कमरेची जागा हार्नेसची. गादीवाला कंबरपट्टा हार्नेसवर लावला तर गिअर लूप (सामान टांगायच्या कड्या) झाकले जातात, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) त्याखाली शोधावा लागतो, आणि बकल गाठीच्या जागी येऊन बसतं. क्लाइंबिंग सॅकचा कंबरपट्टा बहुधा निघतो. सॅकच्या पाठीच्या तळाशी एक बोळ असतो, त्यातून पट्टा ओढून काढा आणि आत ठेवा. काही सॅकमध्ये गादी निघते आणि २० किंवा २५ मिलिमीटरची साधी पट्टी उरते, ती हार्नेसच्या वर, पोटावर हलकी बांधता येते. काहीच निघत नसेल तर पट्टा उलटा फिरवून सॅकच्या पुढच्या अंगाला घेऊन बकल लावा. तेवढ्याने निदान तो लोंबणार नाही.

हेल्मेटसाठी तीन गोष्टी, याच क्रमाने. लोड लिफ्टर सैल सोडा, म्हणजे सॅकचा माथा डोक्यापासून दूर जातो. झाकण निघत असेल तर काढून आत ठेवा, नसेल तर सॅकच्या तोंडाच्या नाड्या आवळून ते आत दुमडा. आणि सामान खाली बसवा. त्यानंतर घरीच हेल्मेट घालून, सॅक लावून छताच्या पंख्याकडे बघा. पंखा पूर्ण दिसला पाहिजे.

सामान भरण्याचा नियमही इथे बदलतो. वाटेवर जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीला ठेवतात, म्हणजे वजन कमरेवर सरळ उतरतं. कातळावर तेच वजन उंच राहिलं तर प्रत्येक हालचालीला तुम्हाला बाहेर ओढतं. तिथे जड सामान पाठीच्या मध्याशी किंवा त्याहून थोडं खाली, पण पाठीला चिकटूनच. पाठीपासून लांब, बाहेरच्या खिशात, कधीच नाही.

रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, जड सॅक पाठीवर असेल तर ती तुम्हाला मागे उताणं करते आणि पोटाचे स्नायू थकून जातात. सॅक खाली घेऊन हॉल लूपमध्ये (सॅक दोराने ओढायला शिवलेली कडी) लॉकिंग कॅराबिनर अडकवतात आणि स्लिंगने (पट्टीचा शिवलेला वळसा) हार्नेसच्या बिले लूपला, म्हणजे पुढच्या मधल्या कडीला, दोन पायांच्या मधे लटकवतात. हे आधी जमिनीलगत, जाणत्या माणसासमोर करून पाहा.

आणि एक. सॅकच्या कंबरपट्ट्यावर जे गिअर लूप शिवलेले असतात, ते सामान टांगायचे आहेत. त्यांत स्वतःला अडकवून थांबायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही.

रॉक पॅचवर सॅका दोराने वर ओढताना माझ्या सॅकचा वरचा हात, म्हणजे उचलायची पट्टी, उसवून आला. सॅक खाली पडली नाही हे नशीब. तो हात शिवून घेता येईल का, आणि मजबूत कसा करावा? (ओझर)

येईल, पण पुन्हा त्याला दोर लावू नका. वरचा हात सॅक जमिनीवरून उचलायला असतो. ओढताना सॅक कपारीत अडकते, वरचे लोक हिसका देतात आणि त्या हिसक्याचा ताण वजनाच्या कितीतरी पट होतो. हॉल लूप असलेल्या सॅकमध्ये पाठीकडे आणि समोरच्या अंगाला असे दोन लूप असतात, दोन्ही एकत्र घ्यायचे. नसतील तर स्लिंग वरच्या हातातून आणि खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांच्या मुळातून ओवून एका लॉकिंग कॅराबिनरमध्ये आणा, म्हणजे ताण तीन जागी वाटला जातो. कंबरपट्टा, छातीचा पट्टा आणि सगळ्या लोंबत्या पट्ट्या आत खोचा, बाहेरच्या खिशातली बाटली आत टाका, मॅट काढून वेगळी पाठवा. खाली थांबलेल्याने सॅकच्या तळाला एक बारीक दोर बांधून ती कातळापासून लांब धरली तर निम्म्या अडचणी होत नाहीत. सॅकखाली कुणी उभं राहायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

शिवणकामासाठी बॅगा आणि ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराकडे जा, त्याच्याकडे जाड कापडाचं मशीन असतं. कपडे शिवणाऱ्याचं मशीन वेबिंगच्या, म्हणजे जाड विणलेल्या पट्टीच्या, चार थरांतून जात नाही. त्याला या गोष्टी सांगा. वेबिंग नायलॉनचं, २५ मिलिमीटर रुंद. दोरा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा जाड, सुती अजिबात नको, कारण सुती दोरा ओलीत कुजतो आणि वरून तसा दिसत नाही. सुई १८ नंबरची. आतल्या बाजूने त्याच वेबिंगचा किंवा जाड कापडाचा तुकडा आधाराला लावायचा, म्हणजे ताण नुसत्या सॅकच्या कापडावर येणार नाही. टाक्यांचा नमुना चौकोन आणि त्यात फुली, चौकोनाची बाजू वेबिंगच्या रुंदीइतकी. टाका तीन-चार मिलिमीटरचा. ‘मजबूत’ म्हटलं की कारागीर दाट टाके घालून देतात, आणि तिथेच गफलत होते: दाट भोकांच्या रेघेवर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं.

वेबिंगची टोकं कापल्यावर मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून वितळवून घ्या, नाहीतर आठवड्यात धागे सुटतात. वितळलेलं टोक बोटाने दाबू नका, चमच्याच्या पाठीने दाबा. सॅकच्या आतल्या अंगाला सुईची जी भोकं पडली, त्यांवर सीम सीलरचा (शिवणीतून पाणी आत येऊ न देणारा लेप) हात द्या.

हे सगळं सॅकसाठी. हार्नेस, स्लिंग, क्विकड्रॉ (दोन कॅराबिनर जोडणारी आखूड पट्टी) यांवर एक टाकाही कुणाकडून घालून घ्यायचा नाही. ते उसवलं की कापून टाकायचं.

दोर कुठे बांधावा? एका बाजूला लटकवला की चालताना तोल जातो. (म्हसरूळ)

झाकणाखाली. १० मिलिमीटरचा ६० मीटर दोर साधारण चार किलोचा असतो, एका बगलेला चार किलो टांगून कुणीच सरळ चालणार नाही. दोराची दोन्ही अंगांना पडणारी सपाट गुंडाळी करा, ती सॅकच्या तोंडावर आडवी ठेवा, दोन्ही बाजूंना सारखी उतरू द्या. वरून झाकणाखालची पट्टी आणि मग झाकण. उरलेली दोन कानं बगलेच्या कॉम्प्रेशन पट्ट्यांत (सॅक आवळायच्या पट्ट्या) दाबा. दोर वर असल्यामुळे वजन उंच जातं, म्हणून त्या दिवशी पाणी थोडं खाली ठेवा. भिजलेला दोर बराच जड होतो, परतीच्या वाटेवर तो सॅकच्या आत न कोंबता बाहेरच ठेवा.

सातपूरच्या कारखान्यात कामाला आहे, हाताशी साधनं आहेत. माझ्या ४० लिटरच्या सॅकला आत फ्रेम नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घालून फ्रेम करता येईल का? (सातपूर)

येईल, आणि तुमच्यासारख्याने करावीच. आधी गरज तपासा. फ्रेम नसलेल्या सॅकमध्ये आठ-नऊ किलोपर्यंत चार घड्या घातलेली फोमची मॅट पाठीशी उभी ठेवली तरी भागतं. त्यापुढे सॅक मधे दुमडते आणि कंबरपट्ट्यावर ओझं पोचतच नाही.

पट्टी ६०६१-टी६ जातीची घ्या, २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड. एक मीटरचं वजन साधारण २०० ग्रॅम भरतं, म्हणजे ५५ सेंटिमीटरच्या पट्टीला ११० ग्रॅम. भंगारात मिळणारी मऊ पट्टी नको, ती पहिल्याच जड ओझ्याला वाकते आणि वाकलेलीच राहते.

लांबीत चूक झाली तर सगळी मेहनत वाया जाते. पट्टीचं खालचं टोक कंबरपट्ट्याच्या गादीच्या मागे, त्याला टेकून हवं. ते चार बोटं वर राहिलं तर ओझं कमरेवर उतरणार कसं? वरचं टोक खांद्याच्या पातळीच्या आठ-दहा सेंटिमीटर वर, कारण लोड लिफ्टरला ओढायला काहीतरी ताठ लागतं. फ्रेम खांद्याखाली संपत असेल तर लोड लिफ्टर ओढल्यावर नुसतं कापड चुरगळतं. हेल्मेट घालून चढणार असाल तर वरचं टोक थोडं कमी ठेवा आणि लोड लिफ्टरचा फायदा थोडा सोडून द्या. दोन्ही एकदम मिळत नाही.

आकार द्यायला पट्टी मऊ गोलाकार वस्तूवर, मांडीवर किंवा जाड पाइपवर, थोडी थोडी हाताने वाकवा. कमरेच्या पोकळीशी आत, पाठीच्या वरच्या बाकाशी बाहेर, आणि माथ्याशी डोक्यापासून किंचित मागे. कुणाला तरी पट्टी पाठीला लावून बघायला सांगा, अंतर दिसेल तिथे पुन्हा वाकवा. व्हाइसमध्ये धरून काटकोनी वाकवू नका आणि एकाच जागी पुढे-मागे करू नका. टी६ पट्टीला तिथे केसासारखी चीर पडते आणि ती गडावर जाऊन तुटते.

टोकं कानसने गोल करा, त्यांवर रबराची टोपी किंवा वेबिंगचा दुमडलेला तुकडा चढवा. सॅक आपटून ठेवायची सवय बहुतेकांना असतेच, आणि उघडं टोक तळ फाडून बाहेर येतं. पट्टीसाठी पाठीच्या आतल्या अंगाला ४० मिलिमीटर रुंदीचा कापडी बोळ शिवा, वर वेल्क्रोने बंद होणारा, म्हणजे कातळावर पट्टी काढता येईल. एकच पट्टी असेल तर ती बरोबर मध्यावर, दोन असतील तर कण्याच्या दोन्ही बाजूंना. मधली पट्टी कण्याला टोचू नये म्हणून तिच्यावर पाठीकडून ६ ते ८ मिलिमीटर जाडीचा बंद छिद्रांचा फोम हवा. झोपायच्या मॅटचा तुकडा उत्तम. गादीतला स्पंज नको, तो घाम आणि पाऊस दोन्ही पितो.

५५ लिटरची एकच सॅक आहे. एका दिवसाच्या अंजनेरीलाही तीच आणि तीन दिवसांच्या साल्हेर-मुल्हेरलाही तीच. कमी सामानाला ती पोटासारखी लोंबते. (कॉलेज रोड)

दुसरी घ्यायची गरज नाही. लोंबते कारण सामान तळाशी गोळा होतं आणि पाठीपासून लांब जातं. तळाशी फुगीर पण हलकं काहीतरी ठेवा: स्लीपिंग बॅग नसेल तर जॅकेट, पिशवीत न आवळता मोकळंच सोडलेलं. त्यावर जड सामान, पाठीला टेकून. मग कॉम्प्रेशन पट्ट्या खालून वर, दोन्ही बाजूंच्या सारख्या ओढत या. आधी वरच्या ओढल्या तर सामान खाली ढकललं जातं आणि तळ आणखी फुगतो. झाकण निघत असेल तर एका दिवसासाठी ते घरीच ठेवा, सॅकचं तोंड गुंडाळून वरच्या पट्टीने बांधा.

तीन दिवसांच्या ओझ्यात खरं वजन पाण्याचं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात बाटली धरलेली नाही. बाटल्या दोन्ही बगलांत जोडीने ठेवा आणि आळीपाळीने प्या. एकाच बाजूची बाटली संपवत गेलात तर दुपारपर्यंत सॅक एका अंगाला कलते आणि तुम्ही नकळत दुसरीकडे झुकून चालता. चार लिटर संपले की सॅक चार किलो हलकी आणि आतून मोकळी होते. तेव्हा कॉम्प्रेशन पट्ट्या पुन्हा ओढा आणि मग खांद्याचे पट्टे थोडे सैल सोडा. सकाळी लावलेली सॅक संध्याकाळी तशीच बसते असं समजू नका.

साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. हिवाळ्यात तिथे जॅकेटवर सॅक लावायची वेळ येते. म्हणून नव्या सॅकच्या उरलेल्या लांब पट्ट्या लगेच कापू नका. त्या गुंडाळून रुंद इलॅस्टिकच्या कड्यात अडकवा.

हरिहरच्या पायऱ्यांवर मॅट कातळाला घासून फाटली. आडवी बांधली होती. (त्र्यंबक रोड)

हरिहरला आडवी मॅट न्यायचीच नाही. दरवाजा ओलांडल्यावर कातळाच्या पोटातून वाकून जायची वाट आहे, तिथे तुमच्या खांद्यांपेक्षा रुंद असलेली कुठलीही वस्तू अडकते आणि अडकली की तुम्हाला कडेकडे ढकलते. मॅट उभी, सॅकच्या पुढच्या अंगाला बांधा, किंवा तिचा गोल करून आत घाला आणि सामान त्या गोलात भरा. बाहेर काहीही लोंबतं नको, पाण्याचा मगसुद्धा नाही. मागून येणाऱ्याच्या डोक्याशी तुमच्या सॅकचा तळ असतो.

माझी उंची ५ फूट १ इंच. खांद्याचे पट्टे मानेला घासतात आणि छातीवर काचतात. (नाशिक रोड)

पट्टे मानेकडे सरकत असतील तर छातीचा पट्टा जास्त आवळला जातो आहे. तो आधी सैल करून बघा, त्याचं काम पट्टे बाहेर घसरू न देणं आहे, आत खेचणं नाही. तरीही काचत असेल तर तो वरच्या सरकपट्टीवर दोन-तीन सेंटिमीटर वर न्या. स्त्रियांसाठीच्या सॅकचे पट्टे इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले आणि एकमेकांजवळ असतात, कंबरपट्टाही तिरका बसतो. त्यात पाठीची मापंही आखूड मिळतात. ४० सेंटिमीटरच्या आत माप असेल तर पुरुषांची स्मॉल घेऊन झगडण्यापेक्षा ती बघा. सध्याच्या सॅकचा कंबरपट्टा मोठा होत असेल तर गादीच्या आतून १० मिलिमीटर बंद छिद्रांच्या फोमचे दोन तुकडे कापडी खोळीत घालून वेल्क्रोने लावा. गाद्यांमध्ये पुढे जागा राहील आणि पट्टा धरेल.

मुलगा सातवीत आहे. पांडवलेणी, रामशेजला शाळेचं दप्तर चालेल? (देवळाली कॅम्प)

चालेल. पट्टे आखूड करा, दप्तराचा तळ कमरेखाली जाऊ देऊ नका, आणि २० मिलिमीटरच्या पट्टीचा, बकल असलेला छातीचा पट्टा जोडून घ्या. आत पाणी, डबा, टोपी. बाकीचं मोठ्यांनी घ्यावं.

खांद्याची पट्टी सारखी घसरते, आणि कंबरपट्ट्याचं बकल गाडीच्या दारात चेंगरून फुटलं. (सिन्नर)

बकल घेताना वेबिंगची रुंदी मोजून जा: २०, २५ किंवा ३८ मिलिमीटर. कंबरपट्ट्याचं बहुधा २५ किंवा ३८ असतं. ज्याची एक दांडी मधे चिरलेली असते ते बकल मागा, ते शिवण न उसवता वेबिंगवर चढतं. असं एक सुटं बकल सॅकमध्ये कायम ठेवा, वजन काहीच नाही.

घसरण्याची कारणं तीन. पट्टी लॅडरलॉकमध्ये (पट्टी ओवून आवळायची प्लास्टिकची कडी) उलटी ओवली असेल, दांडीचे दात झिजले असतील, किंवा पट्टीला चिखल लागून ती गुळगुळीत झाली असेल. पट्टी धुऊन, नीट ओवून पाहा. तरी घसरली तर लॅडरलॉक बदला. वाटेत असाल तर मोकळं टोक बाहेरच्या दांडीवरून पुन्हा आत ओवा, ते हलणार नाही, पण सॅक उतरवताना हाताने सोडवावं लागेल.

सॅकच्या आतलं अस्तर चिकट झालं आहे आणि सोलून निघतं. वासही येतो. रेन कव्हर घेऊनही आतलं सामान भिजतं. (इगतपुरी)

इगतपुरीच्या पावसात नुसतं रेन कव्हर पुरत नाही. पाठीकडून पाणी आत येतं, आणि डोंगराच्या धारेवर वारा कव्हरमध्ये शिरला की ते फुगून उडतं. सामान सॅकच्या आत एका मोठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड पिळून दुमडा. कव्हर लावायचं तर त्याची नाडी सॅकच्या पट्टीला बांधून ठेवा.

अस्तर चिकट झालं म्हणजे कापडावरचा पॉलियुरेथेनचा लेप ओल आणि उष्णतेने विघटला. तो परत बसत नाही. सुटलेले पापुद्रे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या फडक्याने पुसून काढा, म्हणजे सामानाला चिकटणार नाहीत. कापड आणि शिवण शाबूत असेल तर आतल्या पिशवीवर सॅक अजून बरीच चालेल. वासासाठी फ्रेम आणि कंबरपट्टा काढा, थंड पाणी आणि सौम्य साबणाने हाताने धुवा, वॉशिंग मशीनमध्ये घालू नका. खांद्याच्या पट्ट्यांवर घामाचे पांढरे डाग असतात, तिथे मऊ ब्रश फिरवा, कारण मीठ राहिलं की फोमभोवतीचं कापड कडक होऊन घासतं. सगळ्या चेनी उघड्या ठेवून, उलटी टांगून सावलीत सुकवा. फोम आतून सुकायला इगतपुरीच्या हवेत दोन-तीन दिवस लागतात, त्याआधी माळ्यावर टाकू नका.